किम नोव्हाकच्या ‘नैसर्गिक’ वार्धक्याचे कौतुक करणाऱ्यांना

पडद्यामागे :
हॉलिवूडची जुनी अभिनेत्री किम नोव्हाक हिची दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावलेली एक नोंद सध्या समाजमाध्यमांवर फिरते आहे. डावीकडे हिचकॉकच्या १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ चित्रपटामधला राखाडी सूट, उजवीकडे २०२५ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह स्वीकारणारी ९२ वर्षांची नोव्हाक आणि खाली ओळ : ‘सुईचा स्पर्शही न झालेले खरे सौंदर्य.’ ही ओळ खोटी आहे आणि ती खोटी असल्याचे खुद्द नोव्हाकने २०१४ सालीच जाहीर सांगून ठेवले आहे, म्हणून हे लिहावे लागते आहे.

मार्च २०१४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ती ऑस्करच्या मंचावर ॲनिमेशनचे पुरस्कार द्यायला आली, तेव्हा तिच्या चेहऱ्याची जगभर टर उडवली गेली. डोनाल्ड ट्रम्प यांनी तर तिने आपल्या प्लास्टिक सर्जनवर खटला भरावा, असा सल्ला दिला. त्या घावाने ती घरात मिटून बसली आणि पुढच्या महिन्यात तिने जाहीर पत्र लिहिले : होय, मी चेहऱ्यात चरबीची इंजेक्शने घेतली, शस्त्रक्रियेपेक्षा मला ती सौम्य वाटली आणि जमेल तितके चांगले दिसण्याचा माणसाला हक्क आहे. तिच्या स्पष्टवक्तेपणाला दाद द्यायची असेल, तर ती त्या सुईसकट द्यावी लागेल.

वि. रा. :
आपला मुद्दा चतुर आहे, परंतु मला मान्य नाही. बोभाटा झाल्यावर दिलेल्या कबुलीला आमच्या पिढीत स्पष्टवक्तेपणा म्हणत नसत. स्पष्टवक्ती पाहायची असेल तर त्याच काळातली अभिनेत्री लॉरेन बकॉल पाहा. माणसाचे सारे आयुष्य त्याच्या चेहऱ्यावर उमटते आणि त्याचा अभिमान वाटला पाहिजे, असे ती म्हणे आणि तोच चेहरा घेऊन ती वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत वावरली. शिवाय २०१२ साली ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटामध्ये ‘व्हर्टिगो’चे संगीत वापरले म्हणून नोव्हाकने जाहिरात देऊन त्याला चक्क बलात्कार म्हटले होते, तेही आपण स्पष्टवक्तेपणातच धरणार काय?

पडद्यामागे :
तो शब्द अतिरेकी होता, हे मान्य. बकॉलही थोर, यात वाद नाही. पण नोव्हाकला आयुष्यभर इतरांनी घडवत ठेवले, हे आपण सोयीस्करपणे विसरता. तिचे मूळ नाव मॅरिलिन. ते नाव मन्रोमुळे आधीच अडकलेले होते, म्हणून कोलंबिया या चित्रसंस्थेच्या प्रमुखाला, हॅरी कोहनला, तिचे ‘किट मार्लो’ करायचे होते. तिने पहिले नाव सोडले, पण नोव्हाक हे आडनाव सोडले नाही. केसांना जांभळट छटा दिली गेली तीही प्रसिद्धीसाठीच.

आणि ‘व्हर्टिगो’त तरी दुसरे काय आहे? नायक जेम्स स्टुअर्ट नोव्हाकच्या जूडीला आपल्या मनातल्या दुसऱ्या स्त्रीसारखी घडवू पाहतो. जूडी आधी कपडे बदलते, मग केस सोनेरी करून येते, तरीही स्टुअर्टचे समाधान होत नाही, कारण अंबाडा घातलेला नाही. ती न्हाणीघरात जाऊन अंबाडा घालते आणि हॉटेलच्या पाटीच्या हिरव्या उजेडातून बाहेर येते, तेव्हा कुठे त्याचा चेहरा उजळतो. आज तिच्या सुरकुत्यांना दाद देणारे त्याच खोलीत बसले आहेत. त्यांची मागणी तेवढी बदलली आहे.

सांजवेळ :
हे वाचून आईची आठवण आली, म्हणून थोडे विषयांतर करते. ती दर तिसऱ्या रविवारी गच्चीत जुना टॉवेल खांद्यावर टाकून, जुन्या दातब्रशने कलप लावत असे आणि कानाच्या पाळीवर राहिलेला काळा डाग मी खोबरेल तेलाने पुसत असे. वडील गेल्यावर दीड महिन्याने तिने पुन्हा वाटी भिजवली, तेव्हा माझी सख्खी काकू म्हणाली, “आता कोणासाठी?” आई काहीच बोलली नाही, मात्र त्या रविवारी तिने कलप जरा अधिकच मन लावून लावला.

वि. रा. :
ताई, आपल्या मातोश्रींविषयी आदर आहे, परंतु कलप आणि इंजेक्शन यांची गल्लत करू नये. आमच्या सौभाग्यवतींनी साठीला कलप सोडला, त्यानंतर लग्नकार्यात “बरे नाही का?” असे विचारणारे डझनभर भेटले. केस पांढरे ठेवायलाच आज खरे धैर्य लागते आणि आपण सारे मिळून रंगाची वकिली करत आहात.

सांजवेळ :
म्हणजे त्या बारा जणांचा राग आपण माझ्या आईवर काढणार? आपल्या पत्नीला चौकशा सोसाव्या लागल्या आणि माझ्या आईला टोमणा. दोघींच्याही डोक्यात बाहेरच्यांनीच नाक खुपसले होते. ‘वकिली’ हा शब्द मागे घ्यावा.

कोथरूडकर :
दोन ओळी आम्हा टकल्यांच्या वतीने. ‘व्हर्टिगो’च्या चित्रीकरणाच्या वेळी नोव्हाक २४ वर्षांची होती, तर जेम्स स्टुअर्ट ४९ वर्षांचा होता आणि त्याच्या डोक्यावर केसांचा टोप होता. त्या टोपावरून त्याच्या प्रामाणिकपणाची चौकशी वि. रा. यांनी कधी केल्याचे स्मरत नाही. मी स्वतः चाळिशीत टोप करवून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा डिंक सुटला आणि कार्यालयात आठवडाभर करमणूक झाली, पण मला ढोंगी कोणी म्हटले नाही.

वि. रा. :
‘वकिली’ हा शब्द मागे घेतो. स्टुअर्टच्या टोपाकडे माझे लक्ष गेले नव्हते, कारण मी नोव्हाककडे पाहत होतो. हे वाक्य आपण सारे माझ्याविरुद्ध वापरणार, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु कबुलीजबाब आधी आला असता तर अधिक शोभला असता, हे माझे म्हणणे कायम आहे.

पडद्यामागे :
आधी म्हणजे केव्हा? आपल्या द्विध्रुवीय (बायपोलर) मनोविकाराविषयी ती २०१२ मध्येच बोलली होती, तेही कोणी ‘पकडले’ नसताना. तिने लिहायला घेतलेल्या आत्मचरित्राचा मजकूर २००० साली ओरेगनमधल्या घराला लागलेल्या आगीत संगणकासकट जळून गेला. आगीला आपली हरकत कळवावी.

सांजवेळ :
शब्द मागे घेतल्याबद्दल आभार. आपल्या सौभाग्यवतींना नमस्कार सांगावा आणि त्यांनी कलप का सोडला, हे कधीतरी त्यांनाच येथे लिहू द्यावे.