मुंबई–न्यूयॉर्क: नेमके किती तास धरायचे? तातडीने मदत हवी

नाशिकची_लेक: आईचं मुंबई–न्यूयॉर्क तिकीट काढलंय. अंतर साधारण १२,५०० किमी, वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास. पण तिकिटावर रात्री १.३० ला निघून सकाळी ७.३० ला पोचतं, तारीखही तीच! येतानाचं तर काहीच जुळत नाही. मला खरे तास हवेत, आज रात्रीच.

पंतोजी: दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, म्हणजे साडेपंधरा तास. विमान थेट आहे ना?

एडिसनवासी: साडेनऊ उन्हाळ्यात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची, अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेदहा. जायची तारीख सांगा.

सुलभाताई: एवढं लांब थेट नेऊच नका. माझे पाय इतके सुजले की चपला घालवेनात. दुबईला उतरून जरा चालायला मिळतं.

एडिसनवासी: ताई, एकट्या बाईला मध्ये विमान बदलायला लावण्यापेक्षा थेटच बरं. व्हीलचेअर मात्र आत्ताच सांगून ठेवा.

सुलभाताई: व्हीलचेअर दुबईतही मिळते. मी भोगलंय म्हणून सांगतेय.

नाशिकची_लेक: थेटच आहे, तिकीट निघालंय! जाणं १२ नोव्हेंबर. परत ९ जानेवारी, तिकडून सकाळी ११.३०, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२.

पंतोजी: मग जाताना साडेसोळा, येताना चौदा. एडिसनवासी बरोबर, माझा एक तास चुकला.

नाशिकची_लेक: अडीच तासांचा फरक कसा? अंतर तर तेच ना?

गगनविहारी: उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम. थंडीत जोर वाढतो. जाताना ते समोरून, येताना पाठीशी. शिवाय १२,५०० हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेषा पाकिस्तानवरून जाते, आणि एप्रिल २०२५ पासून ते आकाश भारतीय विमानांना बंद आहे. विमानकंपनी भारतीय असेल तर वळसा आलाच.

भाकरवडी: मध्येच विचारते, कैरीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालतं का?

पंतोजी: त्याला वेगळा धागा काढा. लेक, तास कशाला हवेत पण?

नाशिकची_लेक: आईचं इन्सुलिन. सकाळी आठ, रात्री आठ.

एडिसनवासी: हे आधी सांगायचं! भारतातले सकाळचे आठ वाजतील तेव्हा विमान सुटून साडेसहा तास झालेले असतील. रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ, उतरून दोन तास. तेव्हा आई इमिग्रेशनच्या रांगेतही असतील. डोस किती आणि जेवणाशी कसा जुळवायचा ते डॉक्टरच ठरवतील, आपण कोणी नाही. इन्सुलिन हातातल्याच बॅगेत, चिठ्ठीसकट. खालच्या सामानात गोठू शकतं.

सुलभाताई: आणि खायला काहीतरी पर्समध्ये. ट्रे वेळेवर येईलच असं नाही.

नाशिकची_लेक: आईच्या हातातलं घड्याळ न्यूयॉर्कला पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवते. दोन्ही वेळा मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये घालते. सकाळी पहिला फोन डॉक्टरांना.