मदत हवी आहे: वडिलांचा अ‍ॅव्होमीटर एसीवर निम्मंच व्होल्टेज दाखवतोय

नमस्कार मंडळी,

मिरजेत वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात माळा आवरताना त्यांचा अ‍ॅव्होमीटर सापडला. मॉडेल ८, चामड्याच्या पेटीतला. पट्टा तुटलाय, पण काच शाबूत आहे आणि काट्याखालची आरशाची पट्टी अजून लख्ख आहे. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आलं की मगच आकडा वाचायचा, हे मला त्यांनी सहावीत असताना शिकवलं होतं. मीटर त्यांनी चोर बाजारातून सेकंडहँड आणला होता. वजन तीन किलोच्या आसपास, तरी पाण्यातली मोटर बघायला शेतावर जाताना तो त्यांच्या खांद्याला असायचाच.

ज्यांनी हा मीटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं म्हणजे अ‍ॅव्हो, तिन्ही मोजणारा एकच मीटर. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांना लाइनच्या कामाला तीन वेगळी उपकरणं वागवायचा कंटाळा आला, आणि त्यातून १९२३ साली पहिला अ‍ॅव्होमीटर बाजारात आला. मॉडेल ८ हा १९५१ चा. डावा नॉब डीसीचा, उजवा एसीचा. काटा जोरात शेवटाला आपटला की कटआउटचं बटण टपकन वर येतं आणि सर्किट तुटतं. आणि हे मॉडेल २००८ पर्यंत बनत राहिलं!

आता अडचण. आतला सेल फुटून कप्प्यात हिरवट-पांढरी पूड साठली होती. ती व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने पुसली, मग स्पिरिटने. डीसी व्होल्ट उत्तम, डिजिटल मीटरशी जुळतात. पण घरच्या प्लगमध्ये डिजिटल २३२ दाखवतो तिथे हा ११० च्या आसपास थांबतो. काटा अडकत नाही, सरळ जातो आणि तिथेच स्थिर राहतो.

दुसरं, डीसीवरही एका ठिकाणी गोंधळ झाला. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधल्या जोडावर मोजलं. डिजिटल ४.३ म्हणतो, अ‍ॅव्हो १० व्होल्टच्या रेंजवर जेमतेम १.३. मग डीसीसुद्धा बिघडलाय का?

तिसरं, ओहमची मोठी रेंज चालत नाही. तिला १५ व्होल्टची बी१२१ बॅटरी लागते, ती इथे कुठेच मिळाली नाही. रिमोटमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी लावून पाहिली, पण प्रोब जोडून नॉब पूर्ण फिरवला तरी काटा शून्यावर पोचत नाही.

मला हा शोकेसमध्ये ठेवायचा नाही, वापरायचा आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:

दादा, आधी एक विनंती. हा मीटर घरच्या लाइनवर लावू नका. जुन्या प्रोबच्या वायरचं रबर वाकवलं की तडकतं, आणि कटआउट हा काटा वाचवायला आहे, तुमचा हात वाचवायला नाही. २३० ते १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याच्या आउटपुटवर २५ च्या एसी रेंजला मोजा. तिथेही निम्मंच आलं तर दोष सगळ्या एसी रेंजना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे रेक्टिफायरपाशी (एसीचं डीसी करणारा डायोडचा भाग). एकाच रेंजवर चूक असेल तर त्या रेंजचा रेझिस्टर.

बरोबर निम्मं म्हणजे लाटेची एक बाजू गळतेय, असा माझा अंदाज. रेक्टिफायर बदलायला धावू नका, आधी त्याच्याकडे जाणारे सांधे भिंगातून बघा. सेलमधून गळलेलं रसायन वायरच्या आतून चढतं आणि सोल्डर वरून ठीक दिसतं. डायोडच गेला असेल तर जर्मेनियमचाच टाका. सिलिकॉन सुरू व्हायलाच साधारण ०.६ व्होल्ट घेतो, त्यामुळे स्केलचा खालचा भाग खोटा पडतो. पुण्यात पसोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा.

डीसी अजिबात बिघडलेला नाही. मॉडेल ८ दर व्होल्टला २०,००० ओहम, म्हणजे १० च्या रेंजवर मीटर स्वतःच २ लाख ओहम. तुमच्या एक मेगच्या शेजारी तो बसला की व्होल्टेज कोसळणारच. डिजिटल १० मेगचा, म्हणून कमी ओढतो. खात्री करायची तर तिथेच २५ ची रेंज लावा, काटा सव्वादोनपर्यंत चढेल.

बॅटरीसाठी सीआर२०३२ चे पाच बटण सेल एकावर एक रचून पुठ्ठ्याच्या नळीत बसवा. १५ व्होल्ट होतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार. २५ ची रेंज लावली आणि काटा खरोखर सव्वादोनवर आला. वडील नेहमी म्हणायचे, “आकड्याच्या आधी रेंज लिही.” त्यांच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे कंसात रेंज आहे. का, ते मला आज कळलं.

ट्रान्सफॉर्मरवर डिजिटल १३.४ आणि अ‍ॅव्हो साडेसहा. मग उघडला. रेक्टिफायरकडे जाणारी एक वायर चिमट्याने हलवली तर हातातच आली, आतली तांब्याची तार काळी पडून तिचा चुरा झालेला. तेवढी वायर बदलून सांधा नव्याने केला. आता १३.२ दाखवतोय.

पाच बटणांची नळीही बसवली. काटा शून्यावर येतो, पण नॉब जवळजवळ टोकाला जातो. नव्या सेलचे मिळून १६ च्या वर भरतात, त्यामुळे असेल का? आणि काटा शेवटाला न आपटताच कटआउट दोनदा उडाला, एकदा तर मीटर टेबलावर ठेवतानाच. त्याची स्प्रिंग कुणी सेट केली आहे का?

प्रतिसाद:

हो, सेल थोडे वापरले गेले की नॉब मध्याकडे येईल. कटआउट मात्र धक्क्यानेही उडतो, तो त्याचा स्वभावच आहे. स्प्रिंगला हात लावू नका. मीटरखाली जाड फेल्ट घाला आणि आठवडाभर बघा, मग इथेच कळवा.