मोठी मांजरच बघा

घरी मांजरीचं पिल्लू आणावं की मोठी मांजर, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही नवराबायको दोघंही नोकरीला, दिवसभर घरी फक्त सत्तरीच्या सासूबाई, असंही लिहिलंय. मग माझं मत मोठ्या मांजरीला. पिल्लू गोड असतं हो, पण सारखं पायात येतं! पडद्यावर चढणं, रात्री दोन वाजता पांघरुणातल्या पायाच्या बोटांची शिकार... त्यात सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लशी, मग रेबीजची, पाच-सहा महिन्यांत नसबंदी. डॉक्टरकडच्या फेऱ्या कोण मारणार?

मोठ्या मांजरीला लळा लागत नाही, हे वर कुणीतरी म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. आमची मनी आली तेव्हा तीन वर्षांची होती. पहिले चार दिवस पलंगाखालून हलली नाही. आम्ही हाका मारणं सोडलं, तेव्हा आपणहून बाहेर आली. आता आईची मांडी सोडत नाही. घरातच राहणारी मांजर पंधरा वर्षंही जगते, तेव्हा तीन-चार वर्षांचं वय ऐकून कचरू नका.

पिल्लूच हवं असेल तर दोन भावंडं एकदम आणा, आपसात खेळून दमतात. आणि कुणीही येवो, आधी खिडक्यांना जाळी मारून घ्या.