एमएस्सी फिजिक्स: नवी आयआयटी की कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ?

कृष्णाकाठ
बीएस्सी फिजिक्स, तिसरं वर्ष, कॉलेज कराडचं. जॅमचा (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) रँक असा आहे की जुन्या आयआयटी मिळणार नाहीत, पण एखाद्या नव्या आयआयटीत किंवा सीसीएमएनमधून (जॅमच्या रँकवरची सामायिक प्रवेश प्रक्रिया) एनआयटीत नंबर लागेलसं वाटतं. दुसरीकडे शिवाजी विद्यापीठ, घरापासून दीड तासावर. पुढे पीएचडी करायचीय, बहुतेक मटेरियल्समध्ये, थिअरीही आवडते. घरचे म्हणतात, आयआयटी ती आयआयटी. जेआरएफच्या (सीएसआयआर नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) दृष्टीने कुठे बरं पडेल?

पातळ_थर
मटेरियल्स नक्की असेल तर कोल्हापूरला कमी लेखू नका. थिन फिल्म, सोलर सेल, गॅस सेन्सर, सुपरकपॅसिटर ही तिथली जुनी परंपरा. स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ, सिलार अशा पातळ थर चढवायच्या कमी खर्चाच्या पद्धतींवर तिथे पिढ्या तयार झाल्या. कोल्हापूरहून पोस्टडॉकला दक्षिण कोरिया ही तर मळलेली वाट आहे.

पण प्रोजेक्ट डोळे उघडे ठेवून निवडा. थर लावला, एक्सआरडी, एसईएम, यूव्ही या नेहमीच्या चाचण्या काढल्या, संपलं, असे प्रोजेक्ट ढिगाने निघतात. पीएचडीच्या मुलाखतीत मग दोन प्रश्नांत पोल खुलते. एक, शेररच्या सूत्रात (एक्सआरडीवरून स्फटिकाचा आकार काढायचं सूत्र) शिखराची रुंदी घालताना यंत्रामुळे येणारी रुंदी वजा केली का? ती न काढल्यास स्फटिकाचा आकार खऱ्यापेक्षा लहान येतो. दोन, टॉक प्लॉटवर (यूव्हीच्या मोजणीवरून काढलेला आलेख) बँड गॅपसाठी सरळ रेष नेमकी कुठून कुठपर्यंत ओढली, आणि का? बहुतेक जण अपेक्षित आकडा येईल तिथून ओढतात. या दोन्हींची उत्तरं सीनियरकडे तयार असतील तर तो ग्रुप चांगला. "सरांनी सांगितलं म्हणून" असं उत्तर आलं तर पुढचं दार ठोठवा.

हॅमिल्टोनियन
वरच्यांशी अर्धा सहमत. थिअरी "आवडते" हे आवडीपुरतं नसेल, तर माझं मत सरळ आयआयटीकडे. राज्य विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत ठरावीक सिद्धता नीट उतरवली की मार्क मिळतात. सीएसआयआर नेटमध्ये तसं चालत नाही. 200 पैकी 100 मार्क पार्ट सीचे: 30 पैकी 20 प्रश्न, प्रत्येकी 5 मार्क, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा, म्हणजे सव्वा मार्क, कापला. सिद्धता पाठ असून उपयोग नाही, गणित सोडवता आलं पाहिजे. आयआयटीत दर आठवड्याच्या असाइनमेंट आणि क्विझमुळे हा सराव आपोआप होतो. कोल्हापुरात तो स्वतः लावून घ्यावा लागेल. चार जणांचा गट करून रोज पार्ट सीचे पाच प्रश्न, पहिल्या सेमिस्टरपासून. शेवटच्या वर्षात क्लास लावू म्हणणाऱ्यांचं तिथेच फसतं.

आणि "मटेरियल्ससाठी कोल्हापूर" यातही एक गोम आहे. राज्य विद्यापीठांत मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालतो. क्वांटम आणि स्टॅट मेकॅनिक्स यंदा कोण शिकवतंय, ते विभागात जाऊन विचारा. वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते.

दाखला_आधी
अभ्यासाचं वरच्या दोघांनी सांगितलं, मी कागदांचं सांगतो, कारण सीट जाते ती बहुतेक कागदांपायी.

जॅमच्या प्रवेशात राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला चालत नाही. मराठा असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघा. कुणबी दाखला असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे नव्या तारखेचं मागतात. तहसीलला आत्ताच अर्ज टाका.

ऑफर आली की तीनच पर्याय: स्वीकारून फ्रीझ, स्वीकारून अपग्रेडची वाट, किंवा नकार. "बघू पुढच्या फेरीत" म्हणून नकार दाबलात तर त्या वर्षी जॅममधून बाहेर. अपग्रेड घ्या, आणि पसंतीक्रमात फक्त खरोखर जायची ठिकाणंच ठेवा.

विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही सोडू नका. तिथे फी भरून नंतर आयआयटी मिळाली तर परताव्याचे यूजीसीचे नियम आहेत, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. फक्त सहाव्या सेमिस्टरच्या निकालावर लक्ष ठेवा. उशीर झाला तर विद्यापीठाकडून निकाल प्रलंबित असल्याचं पत्र लेखी घ्या.

कृष्णाकाठ
एसईबीसीचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. समजा कोल्हापूर घेतलं आणि नेटमध्ये जेआरएफ नाही निघाली, तर पीएचडीचं काय?

पातळ_थर
जेआरएफ महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, म्हणून पहिला प्रयत्न तोच. नाही निघाली तर गेट ही राष्ट्रीय परीक्षा द्या. त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि आयआयटी-एनआयटीची पीएचडीची दारं उघडी राहतात. शिवाय तुमच्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, महाज्योती किंवा बार्टी या राज्याच्या संस्थांची पीएचडी फेलोशिप असते, जाहिरातींवर नजर ठेवा. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा फक्त महाराष्ट्र-गोव्यात प्राध्यापकीसाठी; त्यात निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून जाता जाता देऊन ठेवा, पण त्यातून फेलोशिप मिळत नाही.

एक दिवस काढून कोल्हापूरला जा. सामायिक यंत्रांच्या केंद्रात विचारा: एमएस्सीच्या मुलाला रामन यंत्रावर नंबर लागायला किती दिवस लागतात? चौथं सेमिस्टर हां हां म्हणता संपतं. महिनाभर नुसती रांगच असेल, तर सँपल तिसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीतच तयार करून ठेवायला लागतील.