चार वाजता गिटलॅब बसतं, मोजमाप कुठून सुरू करू?

गोदाकाठ:
अंबडला आमचं बारा जणांचं ऑफिस. कोड बाहेर ठेवायचा नाही ही ग्राहकाची अट, म्हणून गिटलॅब (कोड ठेवायचं सॉफ्टवेअर) ओम्निबस या सगळं एकत्र असलेल्या पॅकेजने आमच्याच मशीनवर आहे, रॅम १६ जीबी. तीन आठवडे झाले, दुपारी चारच्या सुमारास ५०२ (सर्व्हर उत्तर देत नाही ही एरर) येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुरळीत होतं. मी टर्मिनल उघडेपर्यंत सगळं शांत. साहेब रॅम घेऊ म्हणतात, पण आकडे बघितल्याशिवाय त्यांना खर्चात पाडायचं माझ्या जिवावर येतं. मशीनचे आकडे सतत नोंदवणारा प्रोमिथियस वेगळा बसवावा लागेल का? आधीच दमलेल्या मशीनवर आणखी ओझं नको वाटतं.

सिन्नरफाटा:
भाऊ, काही बसवू नका. कोणी मुद्दाम बंद केला नसेल तर ओम्निबसमध्ये प्रोमिथियस चालूच असतो, मशीनची मेमरी, सीपीयू मोजणाऱ्या नोड एक्स्पोर्टरसकट. गिटलॅब-सीटीएल स्टेटस दिलंत की यादीत दिसेल. प्रोमिथियस फक्त लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या, ९०९० पोर्टवर असतो, म्हणून एसएसएच टनेल (सुरक्षित जोडणी) काढून लॅपटॉपवर उघडा. पोर्ट सगळ्यांना मोकळा करू नका, त्याला मुळात पासवर्डच नाही. १५ दिवसांचा डेटा राहतो, म्हणजे काल दुपारी चारचे आकडेही सापडतील. फक्त वेळ यूटीसीत दिसते; आपले चार तिथे साडेदहा.

कॉलेजरोड:
जुने लेख वाचून आतला ग्राफाना (आलेख दाखवणारा) शोधत बसू नका, गिटलॅब १६.३ पासून तो काढलाय. वेगळ्या मशीनवर टाका. पुढे प्रोमिथियसही बाहेर नेलात तर गिटलॅब.आरबी या सेटिंगच्या फाइलमधल्या मॉनिटरिंग व्हाइटलिस्टमध्ये (परवानगीच्या यादीत) त्याचा आयपी घालून रीकॉन्फिगर करा, नाहीतर मेट्रिक्सचं पान ४०४ देतं. मी त्यात अख्खा रविवार घालवलाय. आणि बिल्ड चालवणारा रनर कुठे आहे तुमचा?

गोदाकाठ:
ताई, नेमकं तिथेच दुखणं निघालं. रनर त्याच मशीनवर होता. उरलेल्या मेमरीचा आलेख काढला: सोमवार ते शुक्रवार, रोज १०:३० पर्यंत रेघ साडेपाच जीबीवर सपाट, मग कड्यावरून पडावी तशी खाली, आणि त्याच मिनिटाला स्वॅप (रॅम संपल्यावर वापरली जाणारी डिस्कची जागा) वर. टेस्टिंगसाठी अँड्रॉइड बिल्ड चारला लावलेला आहे. साहेबांना तो आलेखच दाखवला. रनर कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर हलवला. आज चौथा दिवस, ५०२ नाही. रॅमचं कोटेशन परत पाठवलं.

आता मेमरी १ जीबीखाली गेली की मेल यावा असं करायचंय. मेल पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरसाठी प्रोमिथियसमध्ये असा नियम कोणी लिहिलेला असेल तर इथे टाका.