कंट्रोलरच्या युनिट टेस्टमध्ये रिक्वेस्ट अ‍ॅट्रिब्यूट कसे द्यावे?

प्रश्न (सांगली)
सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी आम्ही स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) तयार करणारी प्रणाली लिहीत आहोत. येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचे टोकन एक फिल्टर तपासतो आणि संबंधित अडत्याचे ऑब्जेक्ट ‘अडत्या’ या नावाने रिक्वेस्टमध्ये ठेवतो. कंट्रोलरची मेथड ते ‘रिक्वेस्टअ‍ॅट्रिब्यूट’ या अ‍ॅनोटेशनने घेते. मॉकएमव्हीसीच्या (सर्व्हर न चालवता कंट्रोलर तपासणाऱ्या साधनाच्या) स्टँडअलोन सेटअपने, म्हणजे फक्त तो कंट्रोलर घेऊन, लिहिलेल्या टेस्टमध्ये ‘पॅराम’मधून अडत्याचा क्रमांक दिला, तरी ४०० (चुकीची रिक्वेस्ट) हाच स्टेटस येतो. यासाठी फिल्टर चालवावाच लागतो का?

उत्तर (सातारा)
नाही. पॅरामीटर हा क्लायंटकडून यूआरएल किंवा फॉर्ममधून मजकुराच्या रूपात येतो, तर अ‍ॅट्रिब्यूट हे सर्व्हरवरच्या कोडने रिक्वेस्टला जोडलेले जावा ऑब्जेक्ट असते आणि ते बाहेरून पाठवताच येत नाही. आपण पॅरामीटर दिलात, अ‍ॅट्रिब्यूट रिकामेच राहिले. ते मुळात अनिवार्य धरले जात असल्याने स्प्रिंगने ४०० दिला. रिक्वेस्ट बिल्डरवर ‘पॅराम’ऐवजी ‘रिक्वेस्टअ‍ॅट्र’ ही मेथड वापरून तेच नाव आणि तयार ऑब्जेक्ट द्यावे. सेशनसाठी ‘सेशनअ‍ॅट्र’ आहे.

मेथड थेट सर्व्हलेटची रिक्वेस्ट घेत असेल, तर मॉकएचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट तयार करून त्यावर ‘सेटअ‍ॅट्रिब्यूट’ करणेही पुरते. मात्र त्यात यूआरएल मॅपिंग तपासले जात नाही.

उत्तर (कराड)
वरील उत्तर योग्य आहे, पण एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते. टेस्टमध्ये अ‍ॅट्रिब्यूट आपणच ठेवल्यावर फिल्टर ते खरोखर ठेवतो की नाही, हे कोणीच तपासत नाही. उद्या फिल्टरमधील नाव बदलले, तरी ही टेस्ट पासच होत राहील आणि प्रत्यक्षात प्रत्येक रिक्वेस्टला ४०० मिळेल. म्हणून ते नाव एका कॉन्स्टंटमध्ये ठेवावे आणि ‘अ‍ॅडफिल्टर्स’ने खरा फिल्टर जोडून, हेडरमध्ये टोकन देऊन, निदान एक टेस्ट लिहावी. चुकीच्या टोकनचीही लिहावी, कारण एका अडत्याच्या पट्ट्या दुसऱ्याला दिसणे शेतकऱ्यालाही परवडणारे नाही.

‘ऑटोकॉन्फिगरमॉकएमव्हीसी’ हे अ‍ॅनोटेशन वापरल्यास स्प्रिंग बूट हा फिल्टर आपणहून जोडते. तेव्हा तो कंट्रोलरच्या आधी चालतो आणि आपण दिलेले अ‍ॅट्रिब्यूट बदलू शकतो.

प्रश्नकर्ता
‘रिक्वेस्टअ‍ॅट्र’ने टेस्ट पास झाली. नाव कॉन्स्टंटमध्ये हलवले आहे. फिल्टरसह दोन टेस्ट जोडल्या असून, चुकीचे टोकन दिल्यावर ४०१ (ओळख पटली नाही) मिळतो आणि पट्टीच्या सर्व्हिसला हाक मारली जात नाही, हे मॉकिटो या टेस्टच्या लायब्ररीच्या ‘व्हेरिफाय’ने तपासले आहे. दोघांचेही आभार.