सहकारी गेला तर सुतक कुणाला? तुमचे अनुभव लिहा

घरचं माणूस गेलं की बारा दिवस तरी मिळतात, लोक येतात जातात. पण रोज आठ-नऊ तास जिच्या शेजारी काम केलं ती पस्तिशीच्या आत गेली तर आपल्याला काय, स्मशानात जायला एक दिवस सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर. यावर कुणी बोलतच नाही म्हणून धागा काढला. नावं नकोत, बाकी सुचेल तसं लिहा.

मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत, क्यूसी म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला. मैत्रीण झोपेतच गेली, मेंदूत रक्तस्राव. आमच्या लॉगबुकात दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, वर्षानुवर्षं तिथे आम्ही दोघीच. भयंकर काटेकोर बाई, साहेबांनी तारीख गिरवली तर बस सुटायच्या वेळेला त्यांना परत बोलावून एक रेघ मारून बाजूला सही, तारीख, कारण लिहायला लावलेलं! ती गेल्यावर आयटीने लॉगिन बंद केलं पण ते पुसता येत नाही, ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कुणी कधी काय केलं त्या संगणकातल्या नोंदीत, नाव राहतंच. पुढच्या इन्स्पेक्शनला ऑडिटरने तिच्या नावावर बोट ठेवून ट्रेनिंग रेकॉर्ड मागितलं, मी फाईल आणायला म्हणून उठले ती सरळ बाथरूममध्ये जाऊन रडले.

वाळपई, शिक्षक
आमची दोन शिक्षकी मराठी शाळा. माझा जोडीदार बाईक अपघातात गेला, चारही वर्ग माझ्यावर आले, दुःख करायला वेळ कुठला. काजूच्या दिवसांत आमच्याकडे पोरं गैरहजर राहतात, बोंडू गोळा करायला आईबापांबरोबर डोंगरावर. तो स्वतः जाऊन एकेकाला खाली आणायचा. पहिल्या वर्षी मी गेलो तर काजूच्या भट्टीवरच्या बाईने न विचारता नीरोचा, म्हणजे बोंडूच्या ताज्या रसाचा, ग्लास पुढे केला, म्हणाली, "सरांक आमी दिताले." तिथे दगडावर बसून प्यालो. शोकसभेत काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो, भाषणंच जास्त.

मडगाव, अकाउंट्स
मला रडण्यापेक्षा फॉर्म जास्त आठवतात. मित्र हार्ट अटॅकने गेला, पदरात लहान मुलगी, वहिनीला कशाचाच पत्ता नाही. पीएफचा फॉर्म २०, पेन्शनचा १०-डी, विम्याचा ५-आयएफ. हो, पीएफ असेल तर ईडीएलआयचा विमा असतो, कमाल ७ लाख, कित्येकांना माहीतच नसतं. त्याने नॉमिनेशन लग्नाआधीचं ठेवलेलं, आईच्या नावे, लग्न झालं की ते बाद होतं, मग घरच्यांचे कागद गोळा करत बसा. ग्रॅच्युइटीला नोकरीची पाच वर्षं झाली नाहीत म्हणून कुणीतरी तिला मिळणार नाही सांगून मोकळा! मृत्यू झाला तर ती अटच नाही. मी भांडलो आणि मिळवून दिली. त्याच्यासाठी मी केलं ते एवढंच, पण हार घालण्यापेक्षा बरं. सगळ्यांनी आजच नॉमिनेशन बघा बाबांनो.

पेडणे
थोडं वेगळं मत. सुट्टी मिळून घरी बसून काय केलं असतं? आमचा प्रॉम्प्टर गेला तो जत्रेच्या नाटकाच्या आदल्या आठवड्यात. नोकरीतही एकाच ऑफिसला होतो आम्ही. नाटक करायचं की नाही यावर देवळाच्या मांडवात वाद, अर्धे म्हणे बरं दिसत नाही, शेवटी त्याचे वडीलच म्हणाले करा. विंगेत त्याच्या जागी धाकटा भाऊ बसला. दुसऱ्या अंकात माझं वाक्य अडलं आणि त्या पोराने पुढच्या प्रवेशाचंच फेकलं, मीही तेच ठोकलं, प्रेक्षकांना कळलं नाही. तो असता तर रात्रभर शिव्या घातल्या असत्या.

डिचोली
अकाउंट्सवाले दादा, माझी मैत्रीण कंत्राटी होती, तिच्या घरच्यांना तो विमा मिळेल का? दोन वर्षं होत आली.

मडगाव, अकाउंट्स
पगारातून पीएफ कापत होते ना? मग मिळतो, कंत्राटी असली तरी. पगाराची स्लिप शोधा, यूएएन म्हणजे तिचा पीएफचा कायमचा नंबर काढा आणि कंत्राटदाराला गाठा. तो टाळायला लागला तर सरळ पीएफ ऑफिसात जा.